शिकागो बघायला नेलं तो दिवस

नेपरव्हिलला येऊन मला पाच महिने होत आले होते आणि शिकागो मी बघितलं नव्हतं. गाडीने तासाभरावर एवढं नावाजलेलं शहर, त्याला समुद्राएवढं तळं, आणि मी मुलाच्या घरात सोफ्यावर. देवळात भेटणारी माणसं विचारायची, "काका, डाउनटाउन पाहिलं की नाही अजून?" मी म्हणायचो, नाही. त्यांना वाटायचं, मुलाला वेळ नाही. खरं म्हणजे मलाच बघायचं नव्हतं. माझं लक्ष परतीच्या तिकिटाकडे होतं.

तिकीट ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातलं होतं. त्यानंतर कार्तिकात माझ्या बायकोचं वर्षश्राद्ध. आमच्या सातारा भागात त्याला वरीस घालणं म्हणतात. कार्तिक वद्य पंचमीला ती गेली. दुपारचा चहा ठेवते म्हणाली, ओट्यापाशी खाली बसली आणि उठलीच नाही. मी बाहेर पेपर चाळत होतो. चहाला एवढा वेळ का म्हणून ओरडलोसुद्धा. ते ओरडणं अजून माझ्या कानात आहे. वरसाला आपल्या घरी, आपल्या अंगणात असायचं, गाव जेवू घालायचं, पुढे माझं काय व्हायचं ते होवो, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. मुलाने आणलं म्हणून आलो होतो. त्याला म्हटलं होतं, पावसाळ्यापुरता येतो.

मी गवंडी. चौथीत शाळा सुटली आणि थापी हातात आली. त्यामुळे कुठल्याही घरात गेलो की आधी भिंतीला हात लावतो. मुलाच्या घराच्या भिंतीवर बोटं वाजवली तर पोकळ आवाज आला. लाकडाचा सांगाडा आणि त्यावर पुठ्ठ्यासारखं काहीतरी. घर मोठं, वर तीन खोल्या, खाली तळघर, पण पोकळ. पुढचं दार उघडलं की भिंतीतून एक बाई इंग्रजीत बोलते. मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला तरी कळावं अशी सोय. एकदा त्या बाईला न जुमानता फिरायला गेलो. चार वळणं घेतली आणि मागे बघितलं तर सगळी घरं सारखी, सगळ्यांपुढे सारखंच कापलेलं गवत, रस्त्यावर विचारायला माणूस नाही. एका कोपऱ्यावर उभा राहिलो. शेवटी सून गाडी घेऊन शोधत आली. "दादा, एकटे नका जाऊ ना," म्हणाली. त्यानंतर गेलो नाही. सकाळी मुलगा-सून लॅपटॉप उघडून वेगवेगळ्या खोल्यांत बसायचे, नात शाळेत जायची, आणि मी खिडकीतून खारी बघायचो. गावात मला बसलेला कोणी बघितला नव्हता. इथं उठलेला कोणी बघत नव्हतं.

आता आमच्या घरची एक खोड सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी आणि माझा मुलगा एकमेकांशी बोलत नाही. भांडण काही नाही. पहिल्यापासून नाहीच. त्याला सायकल पाहिजे असली तर तो आईला सांगायचा. आई मला वाढता वाढता सांगायची. मी आमटीत बघून "बघू" म्हणायचो आणि ती आत जाऊन त्याला सांगायची, "आणणार आहेत." तो बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाला तेव्हा मी हिला म्हटलं, "बरं झालं." तिने त्याला काय सांगितलं कोण जाणे, पोरगं दिवसभर उड्या मारत होतं. नागपूरच्या मुलीशी लग्न करायचंय म्हणाला तेव्हा मी तीन दिवस शिव्या घातल्या. त्याही तिच्याच हाती गेल्या आणि पोचेपर्यंत निम्म्या गळाल्या. अमेरिकेहून फोन आला की मी म्हणायचो, "बरा आहेस का?" तो म्हणायचा, "बरा आहे. आईला द्या." मी द्यायचो.

ती गेल्यावर निरोप न्यायला कोणी उरलं नाही. ही गोष्ट आम्हा दोघांच्याही ध्यानात आली नाही.

जुलैत मुलाने एक दिवस कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "दादा, इथं, इथं, आणि खाली इथं." मी सह्या केल्या. मुलाने ठेवलेल्या कागदाला काय विचारायचं? मला वाटलं विम्याचे असतील. मग एका डॉक्टरकडे नेलं. त्याने रक्त काढलं, दंडात सुया टोचल्या. मी मनात म्हटलं, बापाची काळजी घेतोय. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सप्टेंबरात जेवताना सून म्हणाली, "दादा, उद्या आम्ही दोघांनी सुट्टी टाकलीये. उद्या तुम्हाला शिकागो!"

मुलगा ताटात बघत म्हणाला, "आधी एक छोटंसं काम आहे. तासाभराचं."

ते काम एका बैठ्या सरकारी इमारतीत होतं. आत रांगेने खुर्च्या आणि त्यांवर सगळ्या देशांची माणसं. मुलाला आणि सुनेला दारातल्या माणसाने बाहेर थांबवलं. मला एक नंबर दिला आणि बसवलं. शेजारी स्वेटर घातलेले एक गुजराती गृहस्थ होते, माझ्याच वयाचे. आमचं हिंदी सारखंच मोडकं, म्हणून जमलं.

"बेटेने फाइल किया?" त्यांनी विचारलं.

"क्या फाइल?"

"ग्रीन कार्ड, और क्या! फिंगर देने आए हो ना?"

"मालूम नहीं. मैं तो घूमने आया है. शिकागो देखने का है."

ते एवढे हसले की खोकला आला. "इधर कौन घूमने आता है, भाई! अब घूमना बंद. जब तक कार्ड नहीं आता, इंडिया जाने का नहीं. गया तो फाइल खलास. मैं साल भर से बैठा हूँ. मेरे साले की लडकी की शादी हो गई, मैंने फोन पे देखी."

"मेरा टिकट है. कार्तिक में जाना है."

"टिकट फाड दो," ते म्हणाले आणि त्यांचा नंबर लागला म्हणून उठून गेले.

मी खुर्चीला धरून बसलो. वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. मग तो कागदांचा गठ्ठा आठवला, त्या सुया आठवल्या. विम्यासाठी कोण सुया टोचतं?

माझा नंबर आला. एक जाडजूड, हसऱ्या तोंडाची बाई होती. तिने माझा हात धरून बोटं काचेवर ठेवली. काचेखाली उजेड आला आणि पडद्यावर लाल फुली. पुन्हा ठेवली, पुन्हा फुली. मला त्याचं नवल नव्हतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं चुन्यात आणि सिमेंटच्या मालात हात घातले की बोटांवर रेघा राहत नाहीत. गावात रेशनच्या दुकानात माझा अंगठा उठत नाही हे पोराटोरांना ठाऊक. आमचं रेशन हिच्या अंगठ्यावर यायचं. दुकानदार म्हणायचा, "तुम्ही कशाला आलात? मालकिणीला पाठवा." 

ती बाई माझी बोटं ओल्या कागदाने पुसत होती, एकेक दाबून, फिरवून बघत होती. तोंडाने काहीतरी गोड बोलत होती. आणि मी मनात म्हणत होतो, उठू नका. बोटांनो, आता उठू नका. तुम्ही उठला नाहीत तर हे प्रकरण इथंच संपेल आणि मी घरी जाईन. पण बाई चिकाटीची. अर्ध्या तासाने तिच्या पडद्याचं काय समाधान झालं देव जाणे, तिने माझ्या कागदावर शिक्का मारला आणि "गुड जॉब" म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा माझी बोटं उठली ती नको तिथं.

बाहेर मुलाने विचारलं, "झालं?"

मी म्हटलं, "झालं."

मी ठरवलं, आपण विचारायचं नाही. त्याने केलंय, त्यानेच सांगावं. दिवस सगळा पुढे होता.

गाडीत मी मागे बसलो. मागचं दार आतून उघडत नाही, नातीसाठी केलेली सोय आहे. शहरात शिरताना उंच इमारती दोन्ही बाजूंनी अंगावर आल्या. गाडी तळघरासारख्या जागेत लावली, मुलाने उतरून माझं दार उघडलं, आणि आमचं शिकागो बघणं सुरू झालं.

आधी होडी. होडी म्हणजे शंभर-दीडशे माणसांची बोट, शहराच्या मधून जाणाऱ्या नदीत फिरवते. पुढे एक पोरगी भोंग्यातून इमारतींची माहिती सांगत होती आणि सून मला मराठीत सांगत होती, कुठली किती मजली, कुठली कधी बांधली. इतर वेळी मी खूश झालो असतो. जुन्या दगडी इमारतींच्या दरजा, दगडादगडांमधल्या फटी, अशा भरलेल्या की सुई शिरणार नाही. एका विटांच्या इमारतीचा कोपरा सरळ आभाळात गेला होता, ओळंबा लावून बघावा असा. कोणी केलं असेल हे काम, त्यांची नावं ती पोरगी सांगत नव्हती, मालकांची सांगत होती. पण माझं लक्ष टिकेना. मुलगा कठड्याला टेकून पाण्यात बघत होता. मी त्याच्या पाठीकडे बघत होतो. आता वळेल, आता सांगेल. बोट वळली आणि परत आली, तो नाही वळला. मधेच उतरायची सोय नव्हती, नाहीतर मी उतरलो असतो.

मग एका बागेत आरशासारखी चकचकीत, प्रचंड मोठी घेवड्याच्या बीसारखी एक वस्तू बघितली. माणसं तिच्यापुढे उभी राहून स्वतःचेच फोटो काढत होती. अख्खं शहर त्यात वाकलेलं दिसतं. आम्ही तिघंही त्यात दिसत होतो, मध्ये सून आणि दोन्हीकडे आम्ही दोघे, लांब लांब.

"दादांना विचार, भूक लागली का," मुलगा सुनेला म्हणाला. मी तिच्या पलीकडे दोन हातांवर उभा होतो.

"त्याला सांग, नाही लागली."

"दादा, पायी चालवेल का?" सुनेने विचारलं.

"पाय अजून मोडले नाहीत," मी तिला म्हणालो, "चालवतं मला."

सून एकदा याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायची. तिच्या तोंडावर काहीतरी येत होतं, पण ती गिळत होती.

दुपारी एका उंच मनोऱ्यावर नेलं. लिफ्टमध्ये कानांना दडे बसले. वर एका बाजूला काचेच्या पेट्या भिंतीबाहेर काढल्यात. तळालाही काच. त्यात जाऊन उभं राहायचं आणि खाली बघायचं. लोक त्यासाठी रांग लावतात. प्रत्येक कुटुंबाला मिनिटभर देतात, मग तिथला माणूस "नेक्स्ट" म्हणून हाकलतो. आमचा नंबर आला. मी आत पाय टाकला. खाली रस्त्यावरच्या गाड्या काडेपेटीपेक्षा लहान. स्लॅबखाली सेंट्रिंगचे टेकू नसताना वर उभं राहिल्यासारखं वाटलं. गवंड्याला पहिला प्रश्न पडतो, याला आधार कशाचा? मागच्या बाजूच्या खिडक्यांतून तळं दिसत होतं, निळं, पलीकडचा काठ नसलेलं. मागे रांग, पुढे काच, खाली काच. आणि शेजारी मुलगा.

सून फोन धरून बाहेर उभी होती. "दादा, हसा ना! घाबरले काय?"

मी मुलाकडे बघून म्हटलं, "मला परत कधी जाता येईल?"

सुनेने त्याच क्षणी फोटो काढला. तो फोटो आहे अजून. त्यात मी सरळ उभा आहे आणि मुलाचं तोंड उघडं आहे.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" तो म्हणाला.

"तू नाही सांगितलंस."

"नेक्स्ट," तो माणूस म्हणाला.

खाली येताना लिफ्टमध्ये चिनी माणसांचा घोळका होता, तेवढेच बोलत होते. आम्ही चालत तळ्याच्या काठी गेलो. तिथं दगडी पायऱ्यांसारखे बांधलेले टप्पे आहेत, त्यावर बसलो. लाटा येत होत्या, पण वास नाही, काठावर मासे धरणारे कोळी नाहीत, मिठाची चव नाही. समुद्राचं सगळं आहे आणि समुद्र नाही. सून मध्ये, आम्ही दोन बाजूंना.

"याला विचार," मी सुनेला म्हटलं, "मला न सांगता माझ्या सह्या कशा घेतल्या?"

मुलगा तिला म्हणाला, "मी तुला म्हटलं होतं, दादांशी बोलायला पाहिजे."

"हो, म्हणाला तू. बोलायला पाहिजे म्हणजे कोणी? मी तर समजत होती की तू बोलला. तिकीट कॅन्सल केलं तेव्हा पण मी विचारलं, दादांना माहीत आहे ना? तू मान हलवली."

"तिकीट कॅन्सल केलं?" मी म्हटलं. आणि वर्षभर आत धरून ठेवलेलं सगळं तोंडातून बाहेर पडायला लागलं. "त्याला सांग, मी जनावर नाही दावं बांधून ठेवायला. त्याला सांग, माझ्या बायकोचं वरीस आहे. बेचाळीस वर्षं तिने माझं केलं. त्याला सांग, मी कार्तिकात तिथं असणार, पोहत जावं लागलं तरी."

"दादांना सांग, आता गेले तर अप्लिकेशन जातं. परत व्हिसा देतील याची गॅरंटी नाही. प्रवासाची परवानगी मागितलीये, पण ती येईस्तोवर कार्तिक होऊन जाईल."

"त्याला सांग, नको देऊ देत व्हिसा. मला कुठं पाहिजे आहे?"

"दादांना विचार, तिथं एकटे पडले तर बघणार कोण?"

सून उभी राहिली. बॅग खांद्याला लावली. "हे बघा, मी काही सासूबाई नाही," ती म्हणाली. "त्यांना जमत होतं, मला नाही जमत. तुमचं अंतर केवढं, हातभर. तुम्ही बोला. मी कॉफी आणते." आणि खरोखर निघून गेली. 

तिच्या जागी रिकामा दगड राहिला. आम्ही दोघं पाण्याकडे तोंड करून बसलो. शेजारून एक जण कुत्रा घेऊन पळत गेला. माझ्यापेक्षा त्याला जास्त जड जात होतं, हे मला दिसत होतं. मी काही मदत केली नाही.

"मी तिसऱ्या दिवशी पोचलो," तो म्हणाला. अगदी हळू. "विमानात उभाच होतो बहुतेक वेळ. घरी आलो तर तुम्ही सगळे सावडायला निघाला होता. मी राख बघितली, दादा. आईची राख. तोंड नाही बघितलं."

त्याने पायाजवळचा एक खडा उचलून पाण्यात टाकला.

"तुमच्या वेळी मला तसं नकोय."

"म्हणजे मी मरेन तेव्हा तू जवळ पाहिजेस," मी म्हटलं. "आणि त्यासाठी मला इथं डांबलंस."

"डांबलं नाही..."

"मग काय केलंस?"

त्याने दोन्ही हातांनी तोंड चोळलं. "हो," म्हणाला. "डांबलं."

खरं बोलला, म्हणून माझा राग जरा खाली बसला. खोटं बोलला असता तर मी उठून चालायला लागलो असतो, कुठं ते माहीत नाही. पण खरं बोलल्यावर माझ्याही पोटातलं खरं हलायला लागलं. ते मी वर्षभर कोणाला सांगितलं नव्हतं. ही गेली त्या दुपारी लोक म्हणाले होते, बर्फ आणू, लेकाला येऊ दे, तोच अग्नी देईल. शहरातून बर्फाची पेटी आणायला गाडीसुद्धा तयार होती. मीच म्हटलं, थांबायचं नाही. मुलाचा फोन आला होता, "थांबवा, मी निघतोय." तो फोन पुतण्याने घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही म्हणून. दोन दिवस ती बर्फावर ठेवलेली मला बघवली नसती. पुतण्याने अग्नी दिला. मुलाला सांगितलं गेलं, गावाने ठरवलं, शास्त्र असं आहे. मी त्याला ते तसंच वाटू दिलं.

"ऐक," मी म्हटलं. "त्या दिवशी थांबायचं नाही हे गावाने नाही ठरवलं. मी ठरवलं."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"मावशीने बाराव्याला सांगितलं."

मावशी म्हणजे हिची धाकटी बहीण. तिच्या पोटात काही राहत नाही. "मग तू मला बोलला का नाहीस? वर्ष होत आलं."

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "कसं बोलणार? तुमच्याबद्दल काही वाटलं तर मी आईला सांगायचो."

पोरगं रडायला लागलं. डोक्याचे निम्मे केस पांढरे झालेला माणूस, लोकांच्या येण्याजाण्याच्या जागी बसून रडत होता आणि त्याच्या पाठीवर हात ठेवावा की नाही हे मला समजत नव्हतं. शेवटी ठेवला. भिंतीला ठेवतात तसा ठेवला, सपाट. त्याने काढून टाकला नाही.

मी विचार केला. मी भांडून गेलो असतो तर गेलो असतो. त्याने फॉर्म मागे घेतला असता, एवढा तो वाईट नाही. अंगणात बसून वरीस घातलं असतं, गाव जेवलं असतं. आणि हा? एकदा मी त्याच्याकडून त्याच्या आईचं तोंड काढून घेतलं होतं. आता वरीसही मीच पुढे होऊन उरकलं असतं. आणि पुढे माझ्या वेळी हा पुन्हा कुठल्यातरी विमानात उभा राहिला असता.

"वरीस मुलाने घालायचं असतं," मी म्हटलं. "तू जा."

"आणि तुम्ही?"

"मी राहतो. तू मागितलेला परवानगीचा कागद येईस्तोवर राहतो. पण एक सांगून ठेवतो, कागद आला की मी जाणार. मग तू आडवा यायचं नाहीस."

"नाही येणार."

"आणि मला विचारल्याशिवाय सही घ्यायची नाही. मी गवंडी आहे, आंधळा नाही."

"हो."

सून तीन कॉफ्या घेऊन आली. लांबूनच आमच्याकडे बघत, पावलं मोजत आली. "काय ठरलं?"

"तो जाणार, मी राहणार," मी म्हटलं.

"हे कसलं ठरवणं?" ती म्हणाली. "भांडण तुमच्या जाण्याचं होतं ना?"

त्यावर मुलगा हसला. मीही हसलो असेन. पण मला बरं वाटलं म्हणाल, तर नाही. कॉफी कडू होती आणि तळ्यावरून गार वारा सुटला होता आणि मला माझ्या अंगणात जायचं होतं. जाताना गाडीत मी मुलाला वरसाच्या सूचना दिल्या. पुतण्याला पहिल्या पंगतीला बसव, त्याने अग्नी दिलाय. मावशीला पुढे पुढे करू दे, पण तिच्या हातात स्वयंपाक देऊ नकोस, मीठ हात सोडून टाकते. आचारी शेजारच्या गावचा सांग. तो गाडी चालवत होता आणि "हो दादा, हो दादा" करत होता. एवढं सलग मी त्याच्याशी कधी बोललो नव्हतो.

कार्तिकात तो गेला. पंचमीला सकाळी, मी इथं चहा घेत होतो तेव्हा त्याचा फोन आला. तिकडे संध्याकाळ झाली होती, पंगती उठल्या होत्या. सगळं नीट झालं म्हणाला. दीडशे पान उठलं. मग म्हणाला, "लोक विचारत होते तुम्हाला."

"काय विचारत होते? नीट सांग."

"एक-दोघं म्हणाले, बायकोच्या वरसाला आला नाही म्हणजे म्हाताऱ्याला अमेरिका चांगलीच लागली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोण म्हणालं ते मी आवाज न ऐकता ओळखलं. तिथं असतो तर त्याच्या पानातली पुरी काढून घेतली असती. "मग तू काय म्हणालास?"

"सांगितलं, ते येत होते, मी अडकवून ठेवलंय."

"पंगतीत सांगितलंस?"

"हो. सगळ्यांपुढे."

"कशाला सांगायचं असलं? तुलाच नावं ठेवतील."

"ठेवू देत," तो म्हणाला.

सून तेवढ्यात खाली आली. तिने पुरणाचा घाट घातला होता. मला म्हणाली, "दादा, आपणही इथं सासूबाईंच्या नावाने एक पान काढून ठेवायचं का?"

मी म्हटलं, "नको. ती तिकडे जेवली असेल. एकाच दिवशी दोन घरी कशाला धावडवतेस तिला?" मग दुपारी आम्ही दोघं जेवायला बसलो. बाहेर खिडकीपाशी खारी होत्या. माझा कागद अजून आलेला नाही.